उत्तराला उत्तर: ऑनलाइन वर्गातील लेखी चर्चेची पार्श्वभूमी

ऑनलाइन अभ्यासक्रमातील चर्चेत कसे लिहावे, याविषयीच्या सूचना बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात: आधी इतरांचे वाचावे, नुसते ‘सहमत आहे’ म्हणून थांबू नये, मुद्द्याला आधार द्यावा. दूरस्थ शिक्षणात दीर्घकाळ राहिलेली एक उणीव लक्षात घेतली, की या सूचनांचा अर्थ उलगडतो.

आयझॅक पिटमन यांनी १८४० मध्ये इंग्लंडमध्ये टपालाने लघुलेखन शिकवायला सुरुवात केली आणि १८५८ पासून लंडन विद्यापीठाने बाहेरून अभ्यास करणाऱ्यांना पदवीपरीक्षेची दारे उघडली. या परंपरेत विद्यार्थ्याचे लेखन शिक्षकाकडे जाई आणि तपासून परत येई. त्याच धड्याशी झगडणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्याला काय अडले, हे त्याला कळण्याचा मार्ग जवळजवळ नव्हताच.

हा मार्ग खुला झाला तो काहीसा अनपेक्षितपणे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ ही संगणकीय अध्यापन प्रणाली १९६० पासून विकसित होत होती. तिच्यातील अडचणी कळवण्यासाठी सर्वांना लिहिता येईल अशी एक फाइल होती. मात्र तिच्यात कोणीही दुसऱ्याचा मजकूर पुसू शके आणि लिहिणारा कोण, याची खात्री नसे. १९७३ मध्ये डेव्हिड वूली या तरुणाने ‘नोट्स’ हा प्रोग्रॅम लिहिला. त्यात प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याची ओळख आणि तारीख आपोआप उमटे आणि तिची उत्तरे तिच्यामागेच क्रमाने जोडली जात. आपल्या नावावर राहणारे आणि दुसऱ्याच्या बोलण्याला जोडलेले लेखन, हे चर्चेचे दोन्ही आधार इथे एकत्र आले. पुढे न्यू जर्सीत मरे टुरॉफ आणि स्टार रॉक्सॅन हिल्ट्झ यांनी संगणकीय परिषदेवर, म्हणजे संगणकाद्वारे चालणाऱ्या लेखी चर्चेवर, आधारलेल्या ‘आभासी वर्गा’चे प्रयोग केले, तर ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९८८ मध्ये एका अभ्यासक्रमातील हजाराहून अधिक विद्यार्थ्यांना अशा चर्चेत आणले.

याच सुमारास प्रत्यक्ष वर्गाविषयीचे एक निरीक्षण शिक्षणक्षेत्रात परिचित झाले होते, आणि माझ्या मते लेखी चर्चेचे खरे बळ समजण्यासाठी तेच सर्वांत उपयोगी आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांना १९७० च्या दशकातील अभ्यासात आढळले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात. हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तर उत्तरे लांब आणि साधार होतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. लेखी चर्चेत हाच अवकाश तासांचा, कधी दिवसांचा असतो. बोलायला बिचकणाऱ्याला किंवा शिक्षणाची भाषा परकी असणाऱ्याला तो फार मोलाचा आहे.

पण वेळ मिळाला म्हणून चर्चा आपोआप खोल जात नाही. कॅनडातील गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००१ मध्ये चर्चेचे चार टप्पे मांडले: प्रश्न उभा राहणे, शोध, मुद्द्यांची सांगड आणि उकल. त्यांनी तपासलेल्या संदेशांत शोधाच्या टप्प्यातले सर्वाधिक होते; सांगड घालणारे त्याहून बरेच कमी आणि उकलीपर्यंत पोहोचणारे अगदी थोडे. प्रत्येकाने आपले मत मांडले, पण दोघांची मते शेजारी ठेवून त्यांतील विसंगती दाखवणारे विरळ राहिले. ‘दुसऱ्याच्या मुद्द्यावर भर घाला’ ही सूचना नेमकी या पोकळीकडे बोट दाखवते. ती पाळायची तर ‘छान मांडले आहे’ असे लिहिण्याऐवजी सहाध्यायाचे कोणते विधान कुठे लागू पडत नाही, हे एका उदाहरणासह दाखवावे लागते.

सहभागाला गुण देण्याची पद्धत रुळल्यावर ‘एक नोंद आणि दोन प्रतिसाद’ असा हिशेब अनेक अभ्यासक्रमांत आला. त्यामुळे शांतता मोडली हे खरे, परंतु मुदतीच्या आदल्या रात्री येणाऱ्या नोंदींना उत्तर द्यायला कोणी उरत नाही, आणि विचाराला मिळालेला तो दीर्घ अवकाश वाया जातो. ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्यासाठी २००२ मध्ये आलेल्या ‘मूडल’ प्रणालीत चर्चेचा असाही एक प्रकार आहे, की स्वतःचे उत्तर लिहिल्याशिवाय इतरांची उत्तरे दिसत नाहीत. ‘आधी वाचा’ या सूचनेच्या तो उलट वाटतो, पण त्यामुळे पहिला विचार उसना राहत नाही. वाचन, तुलना आणि प्रतिसाद हे काम त्यानंतर सुरू होते.