जबड्याची फिजिओथेरपी (उपचारोत्तर)

शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा दातांच्या उपचारांनंतर दुखणारा, आखडलेला जबडा मोकळा करण्याचे व्यायाम व हाताने दिले जाणारे उपचार. निरोगी प्रौढाचे तोंड साधारण 40 ते 50 मिमी उघडते. कर्करोगाच्या रुग्णात ते 35 मिमी किंवा त्याहून कमी उघडू लागले, तर जबडा आखडला असे धरतात. घरी मापायला स्वतःची तीन बोटे पुरतात: एकावर एक धरून ती समोरच्या दातांमधून आत जायला हवीत.

अक्कलदाढ काढल्यावर किंवा भुलीच्या इंजेक्शनानंतर आलेला ताठरपणा बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. कोमट शेक, मऊ आहार आणि हलक्या हालचाली एवढे बस होते. रेडिएशनचे तसे नाही. चावण्याच्या स्नायूंत तंतू साचून ते कडक होतात, तेही उपचार संपल्यावर, महिनोन्‌महिने. मावा-तंबाखूची सवय रुजलेल्या सातारा-सांगली पट्ट्यात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण नेहमीचेच. त्यातल्या काहींचा जबडा तंबाखू-सुपारीने आधीच आखडलेला असतो. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खाल्ली की पोट भरते आणि तोंड किती मिटत चालले आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून जबडा दुखू लागण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी मुभा देताच व्यायाम सुरू करावा.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे आइस्क्रीमच्या असतात तशा चपट्या लाकडी काड्या. त्यांची चवड दातांमध्ये धरून जबडा ताणतात. प्रचलित पद्धतींपैकी एकीत 30 सेकंदांचे पाच ताण, दिवसातून पाच वेळा देतात. सैल वाटू लागले की एक काडी वाढवायची. ओढ जाणवावी, कळ येऊ नये. हाताने दाबून चालणारी जबडा उघडण्याची यंत्रेही मिळतात, पण ती महाग आहेत. मशीनचा शेक जोडीला ठीक, ताणाची जागा तो घेत नाही. रेडिएशन झालेल्या बधिर त्वचेवर गरम शेकाने भाजू शकते, आणि कर्करोगाच्या गाठीच्या जागी अल्ट्रासाऊंडचा शेक टाळतात. जखडलेला सांधा शस्त्रक्रियेने सोडवला असेल, तर पहिल्या काही दिवसांतच हालचाल लागते, नाहीतर तिथे पुन्हा हाड धरते.

दात हलत असतील, हाड उघडे पडले असेल किंवा जबड्यात प्लेट असेल, तर सर्जनला विचारल्याशिवाय ताण देऊ नये. व्यायाम नीट चालू असताना तोंड अचानक कमी उघडू लागले, तर आजार उलटला नाही ना, हे आधी तपासतात.

1894 मध्ये वानलेस रुग्णालय सुरू झालेल्या मिरजेत कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालयही आहे. कराडच्या कृष्णा विद्यापीठात फिजिओथेरपी शिकवली जाते. पण जत, आटपाडी किंवा माणहून रोजची खेप परवडत नाही. व्यायाम एकदा नीट शिकून तो घरीच चालवणे आणि दर आठवड्याला काड्या मोजून वहीत टिपणे, हा इथल्या रुग्णांना झेपणारा मार्ग. ती वही तपासणीच्या वेळी सोबत न्यावी.