पान चिकट लागतंय? मग बुरशी नंतर, कीड आधी

शोभेच्या झाडाची पानं काजळी धरल्यासारखी काळी झाली की बहुतेक जण बुरशीनाशक आणतात. ती बुरशीच असते, हे खरं. पण ती झाडावर जगत नाही. ओल्या फडक्याने पुसून पाहा, खालून हिरवं पान निघतं. ती जगते पानावर सांडलेल्या गोड, चिकट द्रवावर. सांडणारे वरच्या पानाच्या पाठीवर बसलेले असतात: मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण किंवा मऊ खवले कीड.

पण हाताशी आलेली साखर हे किडे टाकून का देतात?

मावा सुईसारखी सोंड पेशींच्या फटींतून सरकवत रसवाहिनीपर्यंत नेतो. तिथला रस दाबाखाली असतो, त्यामुळे फारसा ओढावाही लागत नाही. अडचण अशी, की त्यात साखर रग्गड आणि अमिनो आम्लं थोडीच. नायट्रोजन मिळतो तो याच आम्लांतून; तो वाढीपुरता हवा तर ढीगभर रस पोटातून जाऊ द्यावा लागतो. (न मिळणारी काही अमिनो आम्लं माव्याच्या पेशींत राहणारे बुक्नेरा नावाचे जिवाणू बनवून देतात.) आता शाळेतलं परासरण आठवा: पाणी पातळ द्रावणाकडून तीव्र द्रावणाकडे जातं. रस किड्याच्या रक्तापेक्षा कितीतरी तीव्र. म्हणजे अंगातलं पाणी आतड्यात ओढलं जाऊन पिता पिताच किडा वाळायला हवा. तो वाळत नाही, कारण आतड्यातलं विकर सुक्रोज फोडतं आणि त्यातल्या ग्लुकोजच्या साखळ्या जोडतं. परासरणाचा जोर रेणूंच्या आकारावर नाही, संख्येवर ठरतो. दहा सुटे रेणू एका साखळीत ओवले की मोजणीला एकच. या साखळ्या आणि उरलेली साखर मागून बाहेर पडते, तोच बोटाला लागणारा चिकटा. मुंग्या त्याच्याच मागे येतात आणि माव्याच्या शत्रूंना हुसकावतात. नायट्रोजनयुक्त खताचा मारा केलेल्या झाडावर मावा का फोफावतो, तेही इथेच कळतं: रसातली अमिनो आम्लं वाढतात.

पान निस्तेज, ठिपकेदार, पण चिकट नाही? मग पांढरा कागद खाली धरून फांदी झटका. ठिपके चालू लागले आणि भिंगातून आठ पाय दिसले तर लाल कोळी. तो कीटक नव्हेच. इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक त्याला आवरत नाही, उलट कधीकधी त्याची संख्या वाढते. सहा पायांचे, बारीक काडीसारखे दिसले आणि पानावर चंदेरी चट्टे व विष्ठेचे काळे ठिपके असले तर फुलकिडे.

मऊ अंगाच्या बहुतेक किडींवर पोटॅशियम साबण पुरतो: लिटरभर पाण्यात सुमारे 20 मिली, लेबलवर वेगळं प्रमाण असेल तर ते. तो किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर आणि पेशींची आवरणं बिघडवतो, पण फक्त ओला असताना आणि जिथे लागेल तिथेच. वाळला की संपला. म्हणून पानाची पाठ निथळेपर्यंत भिजवायची, तीही संध्याकाळी. अंडी वाचतात, म्हणून दर 5 ते 7 दिवसांनी, किमान तीनदा. जड पाण्यात साबणाचा साका होतो आणि फवारणी फुकट जाते. कपड्यांचा डिटर्जंट चालत नाही, पानं करपतात. नेचे आणि मेणचट पानांच्या झाडांवर आधी एकाच पानावर लावून दोन दिवस थांबा. ‘रसायनमुक्त’ म्हणून खपणाऱ्या द्रावणांत बऱ्याचदा हाच साबण असतो, आणि साबण हे रसायनच आहे.

पिठ्या ढेकणाच्या अंगावरच्या कापसासारख्या मेणाला फवारा धड चिकटत नाही. तिथे 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा, पानाच्या बेचक्यांत. झाड तीन आठवडे वेगळं ठेवा आणि कुंडीच्या तळाची भोकं पाहा. तिथे पांढरी भुकटी असेल तर कीड मुळांतही आहे.

पुसण्याआधी मात्र एकदा नीट बघा. पिठ्या ढेकूण खाणारा क्रिप्टोलीमस हा भुंगेरा 1891 मध्ये ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात नेला गेला. त्याची अळीही पांढऱ्या मेणाच्या झालरीची, पिठ्या ढेकणासारखीच दिसते. फरक दोनच: ती सेंटीमीटरभर वाढते, म्हणजे ढेकणाच्या दुप्पट-तिप्पट, आणि डिवचली की भराभर चालू लागते.