मयताच्या नावानं हर्रास: दवंडीपासून जाहीर नोटिशीपर्यंत

मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्हा दैनिकाचं आतलं पान उघडा. वर एखाद्या वसुली अधिकाऱ्याची शेतजमिनीच्या लिलावाची नोटीस, खाली वकिलाचं ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’, बाजूला सुतक फिटल्यावरच्या कुणाच्या गोडजेवणाचं निमंत्रण आणि कोपऱ्यात ‘माझा मुलगा माझ्या सांगण्यात नाही’. पान लावणाऱ्यानं जागा पाहून लावलेला हा मजकूर. पण या चौकटींचं एकमेकींशी नातं आहे. घरातलं मरण सातबाऱ्यावर वेळेत पोचलं नाही, की काही वर्षांनी तेच घर लिलावाच्या चौकटीत दिसतं, आणि तेही गेलेल्या माणसाच्या नावानं.

इकडं लिलावाला जुनी माणसं अजून ‘हर्रास’ म्हणतात. शब्द अरबीतून उर्दूत आणि तिथून निजामाच्या कचेऱ्यांमधून गावात आला. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यालाच ‘बीट’ किंवा ‘सौदा’ म्हणतात. निजामी राज्यात हर्रास ही वर्षाची ठरलेली गोष्ट होती: शिंदी-ताडीचा मक्ता, आठवडी बाजाराची तहबाजारी, गवताची कुरणं, सरकारी झाडांची चिंच. कारकुनानं आधी सरकारी सवाल, म्हणजे सुरुवातीची बोली, सांगायचा, मग बोलीदारांनी चढवत न्यायचं, ‘एक बार, दोन बार, तीन बार’ झालं की बोली पक्की. यात कुणाला लाज नव्हती. मक्ता घेणारा उलट गावात मिशीला पीळ देऊन फिरायचा.

जमिनीचा हर्रास मात्र निराळा. तिथं बोली लावायला गावातला माणूस सहसा पुढं होत नाही. उद्या त्याच बांधावरून बैल न्यायचेत, त्याच घराच्या लग्नात पंगतीला बसायचंय. गिऱ्हाईक न येण्याची सोय महसूल कायद्यानंही करून ठेवली: महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२० प्रमाणे बोलीच आली नाही, तर सरकारच्या वतीनं १ रुपयाची नाममात्र बोली लावून जमीन सरकारजमा करता येते. अशा जमिनींना ‘आकारीपड’ म्हणतात. थकबाकी भरून ती परत मागायला मूळ कायद्यात १२ वर्षांची मुदत होती. ती उलटून गेल्यावर अडकलेल्या जमिनी मूळ खातेदारांना किंवा त्यांच्या वारसांना परत देण्यासाठी राज्य सरकारनं २०२५ च्या सुरुवातीला कायदा बदलायचं ठरवलं. इथंही प्रश्न तोच: वारस कोण, आणि ते कुठं लिहिलंय?

दवंडीचं काम गावगाड्यात महार वतनदाराकडं होतं. काही गावांत हलगी मांगाच्या हातात असायची. हे काम मानाचं नव्हतं, वेठीचं होतं. वेळ-अवेळ न बघता बोलावणं यायचं आणि मोबदला म्हणून बलुतं. मुंबई राज्यानं १९५८ मध्ये कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं बंद केली आणि पुढं हे काम पगारी कोतवालाकडं आलं. हलगी आधी जाळावर शेकून कातडं ताणून घ्यायचं, नाहीतर आवाज वेशीच्या पुढं जात नाही. पावसाळी हवेत ते तासाभरात पुन्हा ढिलं पडतं. म्हणून जाणता माणूस दवंडी सकाळी, माणसं शेताला निघायच्या आधी द्यायचा: चावडी, मारुतीचा पार, प्रत्येक आळीचं तोंड, आणि दलितवस्तीतसुद्धा. घाई असली की शेवटची दोन ठिकाणं गळायची.

ही पद्धत नुसती रूढी नव्हती, कायद्यात लिहिलेली होती आणि अजून आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश २१ च्या नियम ५४ मध्ये, जमीन जप्त केल्याचं त्या मिळकतीवर किंवा तिच्यालगत ‘ढोल वाजवून किंवा रूढ रीतीने’ जाहीर करा असं आहे. हुकमाची नक्कल मिळकतीवर, न्यायालयात, जिल्हाधिकारी कचेरीत आणि गावातली जमीन असेल तर ग्रामपंचायतीतही लावायची. सहकारी संस्थांच्या १९६१ च्या नियमांतला नियम १०७ आणखी बारकाईनं सांगतो: विक्रीच्या किमान ३० दिवस आधी वसुली अधिकाऱ्याच्या आणि तालुक्याच्या कचेरीत नोटीस, शिवाय विक्रीच्या आधीचे लागोपाठ दोन दिवस आणि विक्रीच्या दिवशी बोली सुरू होण्यापूर्वी गावात दवंडी. कोंडवाड्यातल्या बेवारस जनावरालाही १८७१ च्या कायद्यानं हा मान दिला आहे. ७ दिवस मालक आला नाही तर पोलीस ठाण्यात नोटीस आणि दवंडी, आणखी ७ दिवसांनी लिलाव.

बिघडतं ते कागदावर. दवंडी दिल्याचा पंचनामा चावडीतच बसून होतो, दोन पंचांच्या सह्या होतात, चतुःसीमा जुन्या कागदावरून उतरवली जाते. जमिनीवर कुणी गेलेलंच नसतं. बीड, धाराशिव, जालन्याकडच्या गावांत दुसरी अडचण आहे ती हंगामाची. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत घराला कुलूप असतं. नोटीस दाराला चिकटवली की कायद्यानं ती ‘बजावली’ धरली जाते. खातेदार तेव्हा कारखान्याच्या तळावर खोपटात असतो. हिवाळ्यात निघालेल्या नोटिशीवर ‘हरकत आली नाही’ असा शेरा दिसला, की आधी हेच तपासावं.

आता मूळ गुंत्याकडं. हैदराबाद संस्थानात जमिनीचा कागद पट्टेदाराच्या नावानं असे. एकत्र कुटुंबात पट्टेदार बहुधा थोरला भाऊ. बाकीचे हिस्सेदार ‘शिकमीदार’. ते शेत कसत, शेतसाऱ्यात वाटा देत, पण सरकारी कागदाच्या पहिल्या ओळीत नसत. १३१७ फसलीच्या, म्हणजे १९०७-०८ च्या, हैदराबाद जमीन महसूल कायद्यानं हीच घडी पक्की केली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान गेलं. १९५४-५५ च्या सुमाराचं खासरा पत्रक तयार झालं आणि पुढच्या हक्कनोंदी त्यावर उभ्या राहिल्या. पट्टेदाराचं नाव पुढं आलं, शिकमीदाराचं कुठं आलं, कुठं राहिलं. मराठवाड्यातले भाऊबंदकीचे निम्मे दावे या एका ओळीतून निघतात असं म्हटलं तर वकील मंडळी फारशी हरकत घेणार नाहीत.

जुने इश्तिहार (जाहीर नोटिसा), फर्द (उतारे) आणि बयनामे (खरेदीखतं) उर्दूत आहेत, काही मोडीत. तारखा फसली सनाच्या, महिने आजूर, दै, बहमन असे. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो. नेहमीची चूक म्हणजे आकडा हिजरी समजणं. १३४२ हिजरी धरलं तर १९२३-२४ येतं, फसली धरलं तर १९३२-३३. नऊ वर्षांचा हा फरक मुदतीच्या वादात दावा उडवायला पुरेसा आहे. नक्कल घेताना महिन्याचं नाव बघावं: मोहरम, सफर असेल तर हिजरी, आजूर, आबान असेल तर फसली.

१५ ऑगस्ट १९६७ पासून जमीन महसूल संहिता लागू झाली आणि घरातल्या मरणाची महसुली वाट ठरली. कलम १४९ प्रमाणे वारसानं ३ महिन्यांत कळवायचं. सोबत मृत्यूचा दाखला, वंशावळीचं शपथपत्र, रेशनकार्ड. तलाठी, ज्याचं पदनाम २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झालंय, गाव नमुना ६क ला वारसाची नोंद घेतो, चौकशी होते, मग नमुना ६ ला फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, धरला जातो. कलम १५० ची नोटीस चावडीवर लागते आणि हितसंबंधितांना जाते. १५ दिवसांत हरकत आली तर नोंद ६अ च्या तक्रार नोंदवहीत जाते, नाहीतर मंडळ अधिकारी मंजूर करतो आणि तेव्हाच सातबारा बदलतो. गावात पुष्कळ जण तलाठ्याकडं अर्ज देऊन ‘वारस लागला’ समजतात. फेरफाराचा नंबर पडला म्हणजे नोंद मंजूर झाली असं नव्हे. मंजुरीची तारीख बघावी.

सगळ्यात जास्त गळतात त्या बहिणी. नांदायला गेलेल्या मुलीला नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाते, घेतो भाऊ. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना सहदायिक हक्क, म्हणजे वडिलार्जित मिळकतीत जन्मानं वाटा, दिला. केंद्रानं तो ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर दिला. बाप त्या तारखेला हयात नसला तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. तरीही हक्कसोडपत्र हे साडीचोळीच्या बदल्यात करून द्यायचं प्रकरण आहे असंच बऱ्याच घरांत चालतं. ते नोंदणीकृत नसेल तर फेरफार मंजूर करता येत नाही. म्हणून मग वंशावळीतूनच बहिणीचं नाव वगळण्याचा मार्ग निघतो.

आणि मग कर्ज. सातबाऱ्यावर गेलेल्या आजोबांचं नाव, इतर हक्कात सोसायटीचा बोजा, कसतोय नातू. वसुलीचा दाखला सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली आजोबांच्याच नावानं निघतो. दिवाणी बाजूला नियम साफ आहे: ऋणको मयत असेल किंवा हुकूमनाम्याला २ वर्षं उलटली असतील, तर अंमलबजावणीपूर्वी आदेश २१ च्या नियम २२ ची नोटीस हवी, आणि मयताच्या बाबतीत ती वारसांना. ती नसेल तर विक्री टिकवणं कठीण. पण ही हरकत घ्यायला वारस कागदावर असावा लागतो, नाहीतर पहिली दोन वर्षं ‘तुम्ही कोण?’ याच प्रश्नात जातात.

विक्री झालीच तर आकडे पाठ असलेले बरे, कारण दोन वाटांची मापं वेगळी आहेत. दिवाणी न्यायालयात बोली पक्की झाल्याबरोबर २५ टक्के रक्कम, उरलेली १५ दिवसांत. सहकारी वसुलीत जागेवर १५ टक्के, बाकी १५ दिवसांत. चुकलं तर फेरविक्री, आणि तोटा पहिल्या बोलीदाराच्या माथी. विक्री मोडायची तर पूर्ण देणं आणि खरेदीदाराला त्याच्या किमतीच्या ५ टक्के भरायचे. न्यायालयात त्याला ६० दिवस आहेत, सहकारात ३०. ही ३०-६० ची गल्लत दर वर्षी कुणाची तरी जमीन खाते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नं शेतकऱ्याची औतं, पोटापुरतं काम चालेल इतकी जनावरं आणि बियाणं, राहतं घर, भांडीकुंडी, बाईचं धर्मानं अंगावरून न काढायचं लेणं जप्तीतून वगळलं आहे. शेतजमिनीवरच्या तारणाला बँकांना न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा २००२ चा सरफेसी कायदा लागत नाही, त्यामुळं त्या कायद्याचं नाव घेऊन शेतावर ताबा नोटीस आली तर कलम ३१ दाखवावं. कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखला तलाठ्याकडं देऊन बोजा कमी करून घेणं हेही वेगळं काम आहे. ते आपोआप होत नाही.

घरगुती निरोपांची वाट याहून जुनी आणि जास्त काटेकोर होती. लग्नाचं आवतन न्हावी घरोघर द्यायचा, आणि ‘घरटी एक’ की ‘चूलबंद’ हे उंबऱ्यावरच सांगायचा. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही, सगळ्यांनी यायचं. मरणाचा सांगावा पायी जायचा. निरोप्या पाणी न पिता ‘माती दुपारी आहे’ एवढं सांगून पुढच्या गावाला. वर्तमानपत्रं आली तशी निधनवार्ता आणि गोडजेवणाची चौकट आली, आता ते फोनवर फोटोसकट येतं. कुणाला कळलं नाही तर रुसवा धरायची सोय होती. सरकारी नोटिशीत ती नाही.

‘मुलगा सांगण्यात नाही’ या बेदखलच्या चौकटीबद्दल एवढंच, की बापानं पेपरात छापलं म्हणून वडिलार्जित जमिनीतला मुलाचा हिस्सा जात नाही. खरेदीआधीची वकिलाची ७ किंवा १५ दिवसांची जाहीर नोटीसही कायद्याची अट नाही. खरेदीदारानं चौकशी केली एवढाच तो पुरावा. जागेवर कुणाचा कब्जा आहे ते न बघता नुसत्या नोटिशीच्या जोरावर घेतलेली जमीन पुढं त्रास देतेच.

फेरफाराची नोटीस आता ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर दिसते, वारसाचा अर्ज ई-हक्क या ऑनलाइन सोयीवरून करता येतो. एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली: गावात चावडी वाचन करून मयत खातेदारांची यादी करायची आणि वारस लावायचे. यादी वाचली गेली की बऱ्याच घरांत कळतं की एक नव्हे, दोन पिढ्यांची नोंद राहिली आहे. तेव्हा आधी आजोबांचे वारस, मग वडिलांचे, असा क्रम धरावा लागतो. आजोबांचा मृत्यू ग्रामपंचायतीत नोंदलाच नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल, तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पुरावा म्हणून तारीख मागतात आणि घरातली म्हातारी सांगते, ‘बहात्तरच्या दुष्काळात, ज्वारी निसवायच्या टायमाला.’

अशा वेळी ट्रंकेतली गोडजेवणाची पत्रिका किंवा निधनवार्तेचं कात्रण कामाला येतं. तारीख त्यावर असते, आणि शेवटची ओळ तर बघण्यासारखी: ‘त्यांच्या पश्चात दोन मुले, तीन मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ वारसाच्या अर्जातल्या शपथपत्रावर मात्र फक्त दोन मुलं. नुसतं कात्रण नातं सिद्ध करत नाही, त्याला शाळेचा दाखला किंवा जुनं रेशनकार्ड जोडावं लागतं. तरी हरकतीच्या अर्जाला पहिलं सहपत्र म्हणून तेच लावावं.