शंभर कोणाचे? टक्केवारीने तुलना करण्यामागची पार्श्वभूमी

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्याजाचे दर शंभर पणांवर (पण हे त्या काळचे नाणे) सांगितले आहेत, तेही महिन्याचे. साधा दर सव्वा पण, व्यापारासाठी पाच, रानवाटांनी जाणाऱ्यांना दहा, समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. जोखीम वाढेल तसा दर चढतो, पण ते शंभर कशाचे यात संशय नाही : मुद्दलाचे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत घातलेले गणितही याच वळणाचे आहे. शंभरावर महिन्याला पाच, तर सोळांवर वर्षाचे व्याज किती? पंचराशिकाने (पाच माहीत राशींवरून सहावी काढण्याच्या रीतीने) ५ × १६ × १२ ÷ १००, म्हणजे ९.६. शाळेतले द.सा.द.शे. (दर साल दर शेकडा) हेच, फक्त महिन्याच्या जागी साल आले. खासगी सावकारीत मात्र आजही दर बहुधा महिन्याचाच बोलला जातो. ‘दोन टक्क्यांनी घेतले’ म्हणजे वर्षाला सरळव्याजाने २४ टक्के. बँकेच्या १२ टक्क्यांशी ताडून पाहताना बाराने गुणायचे राहिले, तर महाग कर्ज स्वस्त वाटते.

रोममध्ये ऑगस्टसच्या काळात लिलावाच्या विक्रीवर शंभरावा हिस्सा कर होता. पंधराव्या शतकातल्या इटालियन हिशेबांत ‘पेर चेंतो’ आखडून लिहीत. % हे चिन्ह त्यातूनच घडले. इथवर सगळा व्यवहार व्याजाचा, कराचा. शंभर कशाचे हे धंद्यानेच ठरवून दिलेले होते.

दोन सुट्या राशींची तुलना टक्क्यांत करायची म्हटली, की ते आपल्याला ठरवावे लागते. एका शेतात एकरी ८ क्विंटल तूर, दुसऱ्यात १०. फरक दोनच. पण दुसरे शेत पहिल्यापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त आणि पहिले दुसऱ्यापेक्षा २० टक्क्यांनी कमी. फरकाला कशाने भागायचे, हे वाक्यच सांगते : ‘पेक्षा’ ज्याला लागले, ती राशी छेदात. म्हणूनच २० टक्के उतरलेला भाव २० टक्के चढला तरी मूळपदावर येत नाही. १०० चे ८० होतात आणि ८० चे ९६. तसेच ‘८ च्या १२५ टक्के’ आणि ‘८ पेक्षा १२५ टक्के जास्त’ यांत १० आणि १८ इतका फरक आहे.

पाया बदलला की काय होते, हे महाराष्ट्रात पैसेवारीत, म्हणजे पिकाच्या सरकारी अंदाजात, दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल. पूर्वी ती आणेवारी होती, रुपयाचे सोळा हिस्से धरून. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि पुढे पिकाचा अंदाजही पैशांत आला. गावाची पैसेवारी म्हणजे आलेले उत्पन्न भागिले प्रमाण (अपेक्षित म्हणून धरलेले) उत्पन्न, गुणिले शंभर. ५० पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलतींची वाट उघडते. समजा एकरी ५ क्विंटल आले. प्रमाण १२ धरले तर ४२ पैसे, ९ धरले तर ५६. पीक तेच, शेतकरी तोच. छेद खाली आला आणि गाव टंचाईतून बाहेर पडले. त्यामुळे नजरअंदाज (उभे पीक पाहून केलेली पहिली) असो की अंतिम पैसेवारी, आकडा बघण्याआधी प्रमाण उत्पन्न कोणते धरले ते विचारायलाच हवे.

राशीच मुळात टक्क्यांत असेल, तर आणखी एक घोळ होतो. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ज्या दराने ती बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते) मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ झाला. ‘अडीच टक्के वाढला’ असे आपण सहज बोलतो. ही वजाबाकी आहे, अडीच टक्केबिंदूंची, म्हणजे २५० बेसिस पॉइंटची (एक बेसिस पॉइंट म्हणजे टक्केबिंदूचा शंभरावा भाग). आधीच्या दराशी तुलना केली तर वाढ ६२.५ टक्के भरते. दोन्ही आकडे खरे आहेत, म्हणून बातमीत ‘टक्के’ की ‘टक्केबिंदू’ हे लिहिलेच पाहिजे.

दुकानातही हेच. ८० ला घेऊन १०० ला विकले तर नफा खरेदीवर २५ टक्के, विक्रीवर २०. शालेय गणितात तो खरेदीवरच काढतात. आणि १८ टक्के जीएसटीसकट ११८ रुपयांच्या बिलातून कर वेगळा करायचा, तर ११८ चे १८ टक्के (२१.२४) वजा करून चालत नाही. ११८ ला १.१८ ने भागायचे : मूळ किंमत १००, कर १८.