व्यावसायिक गोल्फपटूचा क्लबसंच

गोल्फमध्ये चेंडू मारण्याच्या काठीला क्लब म्हणतात. एका फेरीत, म्हणजे साधारण १८ होलच्या खेळात, खेळाडूला जास्तीत जास्त १४ क्लब बाळगता येतात. ही मर्यादा अमेरिकेत १९३८ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९३९ मध्ये आली. पिशवीत पंधरावा सापडला, तर तो ज्या होलवर (मैदानातल्या एकेका खड्ड्यापर्यंतच्या टप्प्यावर) सोबत होता त्या प्रत्येक होलला दोन फटके दंड बसतो, एका फेरीत फार तर चार. चार फेऱ्यांच्या स्पर्धेत एकेका फटक्यावर बक्षिसाची रक्कम हलते. म्हणून फेरीला निघण्यापूर्वी पिशवी मोजणे हे व्यावसायिकाचे रोजचे काम असते.

रूढ संच असा: ९ ते १०.५ अंश लॉफ्टचा ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा), १५ अंशांचा तीन नंबरचा वुड (जाड डोक्याचा), १९ अंशांच्या आसपासचा हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधला), ४ ते ९ नंबरचे सहा आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचे), ४६, ५०, ५४ आणि ६० अंशांचे चार वेज (जवळून चेंडू उंच उचलायचे) आणि एक पटर (खड्ड्याभोवतीच्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, चेंडू घरंगळवायचा). लॉफ्ट म्हणजे क्लबचा चेहरा (चेंडूला लागणारी बाजू) मागे किती कलला आहे तो कोन. ड्रायव्हरचे डोके ४६० घन सेंटिमीटरपेक्षा मोठे चालत नाही. त्याची लांबी नियमाने ४८ इंचांपर्यंत असू शकते, पण २०२२ पासून आयोजकांना व्यावसायिक स्पर्धांत ४६ इंचांची मर्यादा घालता येते. क्लबच्या नंबरावर मात्र विसंबू नये. जुन्या घडणीचा सात नंबरचा आयर्न ३४ अंशांचा असे, तर हौशी खेळाडूंसाठी बनवलेल्या आजच्या संचांत तोच ३० अंशांचा किंवा त्याहूनही कमी निघतो. संच जुळवताना नंबर नव्हे, अंश आणि अंतर पाहावे. प्रत्येक क्लबने दहा चेंडू मारावेत, सर्वांत लांबचा आणि सर्वांत जवळचा सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. शेजारच्या दोन क्लबांत १० ते १५ यार्डांचा फरक हवा. कुठे २० यार्डांची फट दिसली, तर मध्ये एक क्लब कमी आहे; दोन क्लब एकाच अंतरावर पडले, तर संचात एक जागा वाया जाते आहे.

खानदेशातून व्यावसायिक होणे

धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या मुलाला सरावासाठी पुणे, देवळाली, अहमदाबाद किंवा महू गाठावे लागते. आग्रा रोडने शिरपूर, बिजासन घाट, सेंधवा करत गेले की महू येते. याच लष्करी छावणीच्या मैदानावर मुकेश कुमार घडले. देशांतर्गत स्पर्धांत त्यांची शंभराहून अधिक विजेतेपदे आहेत, आणि २०१६ मध्ये दिल्लीत पॅनासॉनिक ओपन इंडिया जिंकून वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांनी आशियाई टूरवरचे (व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतले) पहिले विजेतेपद मिळवले. घाटाच्या वर इतक्या जवळ घडलेली ही कारकीर्द खानदेशातल्या प्रत्येक होतकरू खेळाडूला माहीत असायला हवी. पुण्यात १९८७ मध्ये जन्मलेला अनिर्बान लाहिरी २००७ मध्ये व्यावसायिक झाला. २०१५ मध्ये त्याने युरोपीय टूरवर दोन स्पर्धा जिंकल्या आणि त्याच वर्षी जगातल्या चार प्रमुख स्पर्धांपैकी एक असलेल्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला.

देशातली व्यावसायिक टूर, प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया (पीजीटीआय), ही २००६ मध्ये सुरू झाली. तिथे शिरायचे तर पात्रता स्पर्धेतून जावे लागते. मुख्य स्पर्धेत दोन फेऱ्यांनंतर कट लागतो, म्हणजे मागे पडलेले खेळाडू गळतात. कट चुकला की बक्षीस नाही, आणि प्रवास, राहणे, प्रवेशशुल्क, कॅडी (पिशवी वाहणारा मदतनीस) हा खर्च मात्र खिशातून जातो. अशा खेळाडूला दरवर्षी नवा संच घेणे परवडत नाही, आणि त्याची गरजही नसते. आयर्न बरीच वर्षे टिकतात. लवकर झिजतात ते वेज, कारण वाळूतून आणि मातीतून तेच सर्वाधिक जातात आणि त्यांच्या चेहऱ्यावरच्या खाचांची धार बोथट होते.

जमीन आणि बाउन्स

खानदेशात सराव करणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यावी अशी गोष्ट म्हणजे वेजचा बाउन्स. वेजचा तळ सपाट नसतो. त्याची मागची बाजू पुढच्या धारेपेक्षा खाली उतरलेली असते. या उताराचा कोन म्हणजे बाउन्स. वैशाखात काळी जमीन भेगाळते, मुरुमाची जागा तर खळ्यासारखी टणक होते. तिथे १२ अंश बाउन्सचा वेज वापरला तर तळ जमिनीवर आपटून उसळतो, पुढची धार चेंडूच्या मध्यावर लागते आणि चेंडू उंच न जाता ग्रीनच्या पलीकडे सुसाट निघून जातो. आषाढात तीच काळी माती चिकट होते. तिथे ४ अंशांचा वेज कुदळीसारखा रुततो आणि चेंडू दोन हातांवर पडतो. म्हणून एकच वेज बारा महिने चालवू नये. ५४ अंशांचा वेज १० ते १२ बाउन्सचा आणि ६० अंशांचा ४ ते ६ बाउन्सचा ठेवला, तर दोन्ही ऋतू निभावतात. टणक जमिनीवर मुळात चेंडू उचलण्याचा हट्टच कमी करावा. आठ नंबरच्या आयर्नने थोडा उडवून पुढे घरंगळत नेणे जास्त भरवशाचे.

पावसाळ्यात खाचांत गाळ भरला की चेंडूला फिरकी मिळत नाही. फटक्यागणिक ओल्या फडक्याने चेहरा पुसावा, घरी जुन्या टूथब्रशने खाचा साफ कराव्यात आणि कोरडे करून ठेवावे. मुलामा नसलेले वेज गंजतात. त्यांना मशीनच्या तेलाचा हलका हात पुरतो.

लाय म्हणजे क्लब टेकवल्यावर शाफ्टचा (दांड्याचा) जमिनीशी होणारा कोन. तो तपासायला चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ काढावी, रेघ क्लबच्या चेहऱ्याकडे ठेवून फटका मारावा आणि चेहऱ्यावर उमटलेला ठसा पाहावा. ठसा सरळ असेल तर लाय बरोबर आहे. ठशाचे वरचे टोक क्लबच्या डोक्याच्या शाफ्टपासून दूरच्या बाजूकडे झुकले असेल तर क्लब जास्त उभा आहे आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जाणार. घडीव आयर्न एक-दोन अंश वाकवून घेता येतात. ओतीव पोलादाचे मोडण्याचा धोका असतो.

उन्हाचा परिणाम

हवा तापली की विरळ होते आणि चेंडू लांब जातो. ढोबळ हिशेबाने तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने वाढले की ड्रायव्हरला दोनेक यार्ड मिळतात. पौषातल्या १५ अंशांच्या सकाळी आणि मेच्या ४५ अंशांच्या दुपारी एकाच फटक्यात साधारण १० यार्डांचा फरक पडतो. अंतरांची वही ठेवताना तापमानही लिहावे, नाहीतर हिवाळ्यातल्या स्पर्धेत प्रत्येक चेंडू आखूड पडतो.

क्लबचे डोके शाफ्टला इपॉक्सी या गोंदाने चिकटवलेले असते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत हा गोंद मऊ पडतो. जोडावरचे काळे प्लास्टिकचे कडे, म्हणजे फेरूल, वर सरकून मध्ये फट दिसू लागली किंवा फटक्याला टकटक आवाज येऊ लागला, तर तो क्लब लगेच बाजूला ठेवावा. सुटलेले डोके माणसाला लागू शकते. दुरुस्तीत डोके काढून दोन्ही पृष्ठभाग कानशीने आणि सँडपेपरने खरवडतात, दोन भागांचा नवा इपॉक्सी भरतात आणि २४ तास हात लावत नाहीत.

घाम आणि उन्हाने रबरी ग्रिप कडक, गुळगुळीत होते. मग खेळाडू नकळत मूठ आवळतो, मनगट अडकते आणि फटका बिघडतो. ग्रिप बदलायला आकडी पाते लागते. सरळ पात्याने ग्राफाइटचा शाफ्ट चिरतो. जुनी ग्रिप आणि टेप काढून शाफ्ट पुसावा, दुहेरी चिकट टेप लावावी आणि तिचे वरचे टोक सेंटिमीटरभर पोकळीत दुमडावे. नव्या ग्रिपचे भोक टीने (चेंडू ठेवायच्या खुंटीने) बंद करून आत टर्पेंटाइन ओतावे, हलवावे, तेच टेपवर सोडावे आणि ग्रिप एका दमात शेवटपर्यंत रेटावी. मेमध्ये हे काम भल्या सकाळी करावे. दुपारी द्रव लवकर उडतो आणि ग्रिप अर्ध्यावर अडकते. मग ती कापून टाकण्यावाचून इलाज नाही. पेट्रोल वापरण्याचा मोह टाळावा, बंद खोलीत तर मुळीच नको.

मळ्यात जाळी बांधून सराव करणाऱ्यांनी रोपवाटिकेची शेडनेट वापरू नये. जोरदार ड्रायव्हचा चेंडू ताशी २५० किलोमीटरच्या पुढे जातो आणि ती फाडून निघतो. जाड नायलॉनची जाळी दुहेरी घ्यावी आणि ताणून न बांधता झोळ देऊन सोडावी; ताणलेल्या जाळीवरून चेंडू मारणाऱ्याच्याच अंगावर परततो. पायाखाली मुरूम चोपून त्यावर काथ्याची जाड चटई टाकावी. पातळ चटईवर रोज शंभर आयर्न मारले, तर मनगट आणि कोपर महिन्या-दोन महिन्यांत दुखायला लागतात.