तांब्याचा खुर्दा आणि ‘तूर्नुआ’ शब्दाचा घोळ

‘तूर्नुआ’ म्हणजे मूळचा फ्रान्समधल्या तूर शहरातल्या मठाचा दनिये, म्हणजे एक छोटं नाणं. सोळाव्या शतकापर्यंत ते फ्रान्सभर हिशोबाचं माप झालं होतं: १२ दनियेंचा सू, २० सूंचा लिव्र. (आपल्या आण्याच्याही पै १२च.) लियार नावाचं नाणं ३ दनियेंना चाले, दूझँ नावाचं १२ दनियेंना, पण लियारवर किंवा दूझँवर किंमत कोरलेली नसे. राजाज्ञा ती ठरवी आणि मनात आलं की बदली.

ही सगळी हिणकस चांदीची नाणी. ठसा मारण्याआधी चकत्या टार्टर (द्राक्षाच्या दारूच्या पिंपात साचणारा आंबट क्षार) आणि मिठाच्या पाण्यात उकळत. वरचं तांबं विरघळून पृष्ठभाग पांढरा दिसे. तो थर झिजला की लियार तांब्याचाच वाटतो, आणि नवखा संग्राहक हमखास फसतो. दनियेत चांदी नावापुरती, घडणावळ मात्र मोठ्या नाण्याइतकीच.

म्हणून १५७० च्या दशकाच्या उत्तरार्धात शुद्ध तांब्याचे दनिये आणि दूब्ल (२ दनिये) पॅरिसच्या यंत्रावर पाडले गेले. एका मार्क तांब्यातून, म्हणजे सुमारे २४५ ग्रॅममधून, ७८ दूब्ल, एकेक ३.१ ग्रॅमच्या आसपास. ७८ दूब्ल म्हणजे १३ सू. तांब्याचा भाव आणि घडणावळ वजा जाता उरेल ते खजिन्याचं. सोय लोकांची झाली हे खरं, पण सोयीपेक्षा या नफ्याचीच ओढ मोठी होती.

गंमत अशी, की १५७७ च्या फर्मानाने लिव्र हिशोबातून काढला आणि ६० सूंचा एकू (सोन्याचं नाणं) हिशोबाचं माप म्हणून आणला. १६०२ मध्ये लिव्र परत आला. मधल्या काळात वहीतून हटवलेला ‘तूर्नुआ’ तांब्यावर मात्र ठळक, तोही लॅटिन नव्हे तर फ्रेंच मजकुरात: ‘दूब्ल तूर्नुआ’ आणि पुढे साल.

ओळखताना आधी राजाचं नाव वाचावं. सदाँ, दोंब या छोट्या संस्थानांच्या सरदारांनीही याच धर्तीचे दूब्ल पाडले, आणि झिजलेल्या नाण्यावर तीन कमळं तेवढी दिसतात. मग टांकसाळीचं अक्षर पाहावं: ‘ए’ पॅरिसचं, ‘बी’ रुआँचं, ‘डी’ लियाँचं. १५४० आधीच्या नाण्यावर अक्षराऐवजी मजकुराखाली ठिपका असतो. अठराव्या अक्षराखाली असेल तर पॅरिस.

१६४० मध्ये जुन्या दूझँवर कमळाचा छाप मारून त्यांची किंमत १५ दनिये केली. १६५४ पासून लियारही तांब्याचा झाला, मार्कला ६४. चारच वर्षांत तो ३ दनियेंवरून २ वर आणला, आणि तोटा सोसला तो ज्यांच्या गल्ल्यात तो पडून होता त्यांनी.