स्क्रू पाईल की बोअर्ड पाईल?

पाईल म्हणजे बांधकामाचा भार खोल जमिनीत नेणारा पायाचा खांब. तो स्क्रूचा असो की बोअर्ड, लांबून पाहिलं तर दोन्ही साइट सारख्याच दिसतात. एक मशीन, त्याला गरगर फिरणारा आट्यांचा दांडा, आणि तो जमिनीत उतरतोय. ‘ड्रिलिंग चाललंय’ म्हणून लोक मोकळे होतात. खूण सोपी आहे. दांडा मातीने माखून परत वर आला तर तो नुसता भोक पाडणारा ऑगर; पाईल अजून व्हायचाय, आणि तो बोअर्ड पाईल. दांडा आत गेला आणि आतच राहिला, तर तो स्वतःच पाईल. तोच स्क्रू पाईल.

बोअर्ड पाईलमध्ये आधी माती काढायची, मग तिच्या जागी काँक्रीट भरायचं. 600 मिमी व्यास आणि 15 मीटर खोली धरली तर एका पाईलमागे सव्वाचार घनमीटर माती निघते. उकरली की ती फुगते, त्यामुळे ती उचलायला गाड्या आणखी लागतात. आत जाणारं काँक्रीट साधारण दहा टन. कडा ढासळू नयेत म्हणून वर लोखंडी लायनर, खाली बेंटोनाइट या चिकणमातीचा घोळ. मग सळयांचा पिंजरा सोडायचा आणि ट्रेमी पाईपने, म्हणजे तळापर्यंत सोडलेल्या लांब नळीने, तळापासून काँक्रीट भरत वर यायचं.

खरी मेख इथेच आहे. पाईपचं तोंड सतत ओल्या काँक्रीटमध्ये दीड-दोन मीटर तरी बुडालेलं हवं. घाईत पाईप जास्त ओढला आणि तोंड बाहेर आलं, की मधे चिखलाचा थर शिरतो. वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही, पाईल भरलेलाच दिसतो. तळाचा गाळ न काढता काँक्रीट ओतलं, तर पाईल खडकावर न टेकता गाळावर टेकतो. घोळ मिसळलेलं कमकुवत काँक्रीट वर साचतं, म्हणून पाईल ठरलेल्या पातळीच्या वरपर्यंत भरतात आणि नंतर डोकं फोडून काढतात. नवख्या मालकाला ही उधळपट्टी वाटते, पण इथे काटकसर करायला सांगू नये.

स्क्रू पाईल म्हणजे स्टीलचा दांडा किंवा पाईप आणि त्याच्या खालच्या भागात एक-दोन मळसूत्री पाती. भार मुख्यतः या पात्यांवर. कल्पना जुनी आहे. अलेक्झांडर मिचेल या दृष्टिहीन आयरिश इंजिनिअरने 1833 मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि थेम्सच्या मुखाशी मॅपलिन सँड्सच्या वाळूत असे पाईल पिळून त्यांवर दीपगृह उभं राहिलं.

मला या पाईलची आवडणारी गोष्ट म्हणजे तो आत जाता जाता स्वतःची ताकद सांगतो. पिळायला जितका टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो, त्या प्रमाणात वहनक्षमता. 89 मिमीच्या गोल दांड्यासाठी टॉर्कला साधारण 23 ने गुणतात: 10 किलोन्यूटन-मीटर टॉर्क लागला तर अंतिम क्षमता 230 किलोन्यूटन, आणि सुरक्षेसाठी निम्मी धरली तर अकरा-बारा टन. पण टॉर्क दाखवणाऱ्या काट्यावर आंधळा विश्वास नको. पात्याच्या एका आट्याची उंची 75 मिमी असेल तर एका फेऱ्यात पाईल जवळपास तेवढाच खाली जायला हवा. तो जागच्या जागी फिरत असेल, तर पातं माती धरत नाहीये, ती घुसळतंय. आणि पातं दगडाला अडलं तरी टॉर्क चढतोच. ती ताकद मातीची नव्हे.

म्हणून मोठे दगड, जुन्या बांधकामाचा भराव किंवा वरच लागणारा खडक असेल, तर स्क्रू पाईलचा विचार सोडा. तिथे बोअर्ड पाईल भोक पाडून खडकात रुतवता येतो. 600 मिमीचा असा पाईल शंभर टनांच्या पलीकडचा भारही घेऊ शकतो. उंच इमारत, पूल, भूकंपाचा आडवा धक्का, अशा ठिकाणी त्याची जाडी कामी येते. सडपातळ दांडा आडव्या जोराला वाकतो, आणि फार मऊ गाळात उभ्या भारानेही मुरडू शकतो.

उलट हलकं घर, जिना, लाकडी पूल, सोलर पॅनेलचे खांब, खचलेल्या भिंतीला आधार, अशा कामांत स्क्रू पाईल सरस. माती उपसावी लागत नाही, हादरे फारसे नसतात, छोटं मशीन बोळातही शिरतं. काँक्रीट मुरायची वाट नाही, त्याच दिवशी वर तुळई ठेवता येते. पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीत तर त्याचा वेगळाच फायदा आहे. फुगणारी माती जाड, खरबरीत काँक्रीटला कवटाळून वर ओढते. बारीक गुळगुळीत दांड्यावर तिची पकड कमी बसते, आणि पातं फुगवट्याच्या थराखाली रुतलेलं असेल तर ते पाईलला खाली धरून ठेवतं.

गंजाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. जस्ताचा थर आणि गंजात जाणारी जाडी आधीच धरून केलेलं डिझाइन, हे त्याचं उत्तर. पण आम्ल किंवा क्षार असलेल्या मातीची तपासणी आधी करायलाच हवी. काँक्रीटवाल्यांनीही फार निश्चिंत राहू नये, मातीतलं सल्फेट काँक्रीटलाही खातं.

आणि बांधकाम तात्पुरतं असेल, तर स्क्रू पाईल उलटा फिरवून बाहेर काढता येतो. काँक्रीटचा पाईल सहसा तिथेच राहतो, आणि पुढच्या बांधकामाच्या ऑगरला तो आडवा येतो.